सामाईक आज्ञावलीत विद्यार्थ्यांचा वाटा

कोणत्याही संस्थेच्या कारभारात दोन नोंदवह्यांना विशेष महत्त्व असते. एका वहीत माणसांची नावे, पत्ते व दूरध्वनी क्रमांक असतात. दुसरीत सभा, शिबिरे, परीक्षा व समारंभ यांच्या तारखा असतात. या दोन वह्यांचा परस्परांशी मेळ राहिला नाही, तर सभेची सूचना सभासदाला मिळत नाही, पालक नियोजित दिवशी शाळेत येत नाहीत आणि गणपूर्तीअभावी सभा तहकूब करावी लागते. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात व शाळेच्या मुख्याध्यापकांच्या खोलीत काम केलेल्या प्रत्येकाला याचा अनुभव आहे.

हेच काम आता संगणकावरील आज्ञावलीकडे सोपविले जाते. परंतु अशी आज्ञावली तयार कशी होते, अनेक हात एकाच आज्ञावलीवर काम करू लागले म्हणजे गोंधळ का होत नाही, आणि नवख्या माणसाने त्यात आपला वाटा कसा उचलावा, याची माहिती सामान्यतः आपल्यापर्यंत पोचत नाही. सिंगापूर येथील विद्यार्थ्यांच्या एका अभ्यासप्रकल्पाच्या आधारे या प्रश्नांचा विचार करावा, असा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रकल्पाची पार्श्वभूमी

सिंगापूर राष्ट्रीय विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागात आज्ञावली-अभियांत्रिकीचा एक अभ्यासक्रम शिकविला जातो. त्यात विद्यार्थ्यांना कोऱ्या कागदावर प्रारंभ करावयास सांगत नाहीत. ‘ॲड्रेसबुक लेव्हल थ्री’ नावाची संपर्कवहीची एक तयार आज्ञावली त्यांच्या हाती दिली जाते. जावा भाषेत लिहिलेल्या या आज्ञावलीचा विस्तार सुमारे ६,००० ओळींचा आहे. साधारणपणे पाच विद्यार्थ्यांचा एक संघ तिच्यात भर घालून स्वतःची नवी आज्ञावली उभी करतो. अनेक संघ संपर्कांच्या जोडीला कार्यक्रमांची नोंद ठेवण्याची सोय करतात. कोणता कार्यक्रम केव्हा आहे व त्याला कोण उपस्थित राहणार आहे, हे एकाच ठिकाणी दिसू लागते.

तयार आज्ञावली हाती देण्यामागे निश्चित विचार आहे. नोकरीत प्रवेश करणाऱ्या तरुणाला बहुधा दुसऱ्याने बांधलेल्या घरातच काम करावे लागते. बदली होऊन आलेला ग्रामसेवक ज्याप्रमाणे आधीचे दप्तर वाचतो, शिल्लक तपासतो आणि मगच लेखणी उचलतो, त्याप्रमाणे विद्यार्थ्याने प्रथम वाचावे व मग लिहावे, ही सवय येथे लावली जाते.

आज्ञावलीची रचना

या आज्ञावलीचे चार प्रमुख भाग आहेत. पहिला दर्शनी भाग. तो पडद्यावर माहिती दाखवितो व वापरणाऱ्याची आज्ञा स्वीकारतो. दुसरा भाग त्या आज्ञेचा अर्थ लावून ती अमलात आणतो. तिसरा भाग माणसांची व इतर गोष्टींची माहिती संगणकाच्या स्मृतीत धारण करतो. चौथा भाग ती माहिती फाइलमध्ये कायमची साठवितो. कार्यालयात आवक-जावक लिपिक, निर्णय घेणारा अधिकारी, चालू नस्ती व अभिलेख कक्ष अशी जी विभागणी असते, तिच्याशी ही रचना पुष्कळशी जुळते.

या विभागणीचा लाभ योगदान करताना ध्यानात येतो. पडद्यावरील अक्षरांचा आकार बदलावयाचा असेल, तर साठवणुकीच्या भागाला हात लावण्याचे कारण उरत नाही. उलट, ‘कार्यक्रम’ ही नवी नोंद आणावयाची झाल्यास चारही भागांत थोडाथोडा बदल करावा लागतो. म्हणून कोणता बदल लहान व कोणता मोठा, हे ओळखणे ही योगदानाची पहिली पायरी होय.

योगदानाची पद्धत

अनेक जणांनी एकाच मसुद्यावर एकाच वेळी खाडाखोड केली, तर काय होते हे सांगावयास नको. या अडचणीवर ‘गिट’ नावाचे साधन वापरले जाते. लिनस टॉरवाल्ड्स यांनी लिनक्सच्या विकासासाठी ते २००५ मध्ये तयार केले. प्रत्येक बदल कोणी केला, केव्हा केला व कोणत्या ओळीत केला, याची नोंद ते ठेवते. २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘गिटहब’ या सेवेवर असे सामाईक भांडार ठेवता येते. कामाचा क्रम पुढीलप्रमाणे असतो.

प्रथम वापरणाऱ्यासाठी लिहिलेली मार्गदर्शिका वाचावी आणि आज्ञावली स्वतः चालवून पाहावी. त्यानंतर विकासकांसाठी लिहिलेली मार्गदर्शिका वाचावी.

दुसरी पायरी म्हणजे अडचणीची लेखी नोंद. काय केले, काय घडावयास हवे होते व प्रत्यक्षात काय घडले, या तीन गोष्टी नोंदीत स्वच्छ लिहाव्यात. ‘आज्ञावली नीट चालत नाही’ असा मोघम शेरा कोणाच्याही उपयोगी पडत नाही.

तिसरी पायरी, मूळ भांडाराची स्वतःची प्रत घेऊन तिच्यात एक वेगळी शाखा काढणे. एका शाखेत एकच काम करावे. तारखेची चूक दुरुस्त करता करता वाटेत दिसलेल्या इतर दहा गोष्टी बदलल्या, तर तपासणाऱ्याला मूळ दुरुस्ती सापडत नाही.

चौथी पायरी, बदलासोबत चाचणी लिहिणे. चाचणी म्हणजे आज्ञावलीचीच परीक्षा घेणारी छोटी आज्ञावली. आज केलेली दुरुस्ती सहा महिन्यांनी दुसऱ्या कोणाच्या बदलामुळे मोडली, तर ही चाचणी ते तत्काळ दाखवून देते.

पाचवी पायरी, आपला बदल स्वीकारावा अशी विनंती मूळ संघाकडे पाठविणे. तिला ‘पुल रिक्वेस्ट’ म्हणतात. ती पोचताच सर्व चाचण्या विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्ही प्रणालींवर आपोआप चालतात. त्यानंतर संघातील दुसरा सभासद बदल वाचतो, शेरे मारतो, शंका विचारतो. शंकांचे निरसन झाल्यावरच तो बदल मुख्य शाखेत विलीन होतो.

आपल्या कार्यालयीन पद्धतीशी परिचित असलेल्या वाचकाला यात नवे वाटणार नाही. मसुदा, टिपणी, शेरा, मान्यता आणि शेवटी अभिलेख हाच क्रम येथे आहे. भेद इतकाच की, येथे प्रत्येक टिपणी सर्व सभासदांना वाचावयास मिळते आणि नस्ती कोणाच्या टेबलावर अडली आहे, हेही सर्वांना दिसते.

एका तारखेची गोष्ट

ही पद्धत प्रत्यक्षात कशी उपयोगी पडते, हे एका उदाहरणावरून पाहू. समजा, एका संघाने आपल्या आज्ञावलीत कार्यक्रमाची तारीख दिवस, महिना व वर्ष या क्रमाने लिहिण्याची सोय केली आहे. वापरणाऱ्याने घाईत ३१-०४-२०२६ अशी तारीख लिहिली. एप्रिल महिन्यात तीसच दिवस असतात. आज्ञावलीने चूक दाखवावी, अशी आपली अपेक्षा असते. प्रत्यक्षात ती कोणतीही तक्रार न करता ३० एप्रिल ही तारीख नोंदवून मोकळी होते. ३०-०२-२०२६ असे लिहिले, तर २८ फेब्रुवारी नोंदविली जाते.

याचे कारण जावा भाषेच्या तारीख वाचण्याच्या नियमात आहे. तारखेचा नमुना आपण ठरवून दिला आणि दुसरे काही सांगितले नाही, तर जावा मध्यममार्ग स्वीकारते. बत्तिसावा दिवस ती नाकारते. परंतु १ ते ३१ या मर्यादेतील दिवस त्या महिन्यात नसल्यास त्या महिन्याचा शेवटचा दिवस गृहीत धरते. लिहिणाऱ्याच्या मनात १ मे असेल किंवा ३१ मार्च असेल. आज्ञावलीने मात्र तिसराच दिवस निवडलेला असतो. सूचना त्या दिवसाची निघते. चूक पडद्यावर न दिसल्यामुळे ती सभेच्या दिवशीच उघडकीस येते आणि तोवर उपाय करण्याची वेळ गेलेली असते.

उपाय सोपा वाटतो. जावाला तारीख काटेकोरपणे तपासण्याची आज्ञा देता येते. नवखा विद्यार्थी तेवढा एक शब्द बदलतो, आणि आता योग्य तारखाही नाकारल्या जाऊ लागतात. तारखेच्या नमुन्यात वर्ष दर्शविण्यासाठी ‘वाय’ हे रोमन अक्षर चार वेळा लिहिण्याची प्रथा आहे. जावाच्या दृष्टीने त्याचा अर्थ ‘शकातील वर्ष’ असा होतो. आणि काटेकोर तपासणीत इसवी सनापूर्वीचे की नंतरचे, हे सांगितल्याशिवाय ते वर्ष अपुरे ठरते. त्याऐवजी ‘यू’ हे अक्षर चार वेळा लिहिले म्हणजे काम होते.

चाचणीचे महत्त्व येथे पटते. ३१ एप्रिल नाकारली गेली, एवढेच तपासणाऱ्याला आपली दुरुस्ती यशस्वी झाली असे वाटले असते. ३० एप्रिल स्वीकारली जाते की नाही, हेही तपासणाऱ्याला चूक लगेच कळते. म्हणून चाचणी सीमेच्या दोन्ही बाजूंना घ्यावी लागते. २८ फेब्रुवारी २०२६ ग्राह्य, २९ फेब्रुवारी २०२६ अग्राह्य. २९ फेब्रुवारी २०२८ ग्राह्य, कारण ते लीप वर्ष आहे. २९ फेब्रुवारी २१०० पुन्हा अग्राह्य, कारण शतकाचे वर्ष ४०० ने भागले जात नसेल तर ते लीप वर्ष होत नाही.

एक गोष्ट मात्र या दुरुस्तीने साध्य होत नाही. पूर्वी चुकीने नोंदल्या गेलेल्या तारखा तशाच राहतात, कारण वापरणाऱ्याने मुळात काय लिहिले होते ते आज्ञावलीने जपलेलेच नाही. म्हणून प्रामाणिक योगदानकर्ता नव्या आवृत्तीच्या निवेदनात तसे स्पष्ट लिहितो आणि महिनाअखेरच्या जुन्या नोंदी पुन्हा तपासून घेण्याची सूचना देतो.

नावांचा प्रश्न

दुसरे उदाहरण माणसाच्या नावाचे आहे. मूळ संपर्कवहीत नावाविषयी एक नियम आहे: नावात केवळ अक्षरे, अंक व मोकळी जागा असावी. नियम निरुपद्रवी दिसतो. परंतु सिंगापुरातील तमिळ समाजात ‘अमक्याचा पुत्र’ या अर्थी दोन रोमन अक्षरांमध्ये तिरकी रेघ देऊन नाव लिहिण्याची रीत आहे. अधिकृत कागदपत्रांतही नाव त्याच रीतीने येते. तमिळ ही त्या देशाच्या चार अधिकृत भाषांपैकी एक असूनही असे नाव या वहीत जसेच्या तसे लिहिता येत नाही. नियम करणाऱ्याच्या मनात भेदभाव नसतो. त्याने केवळ आपल्या ओळखीच्या नावांचा विचार केलेला असतो.

मराठी वाचकाला याची झळ अधिक लागेल. जावातील तो नियम ‘अक्षर’ म्हणजे रोमन वर्णमालेतील अक्षर असेच समजतो. देवनागरीतील कोणतेही नाव तो नाकारतो. एखाद्याने सुधारणा करून ‘जगातील कोणत्याही लिपीचे अक्षर चालेल’ असा नियम केला, तरी प्रश्न सुटत नाही. युनिकोड या आंतरराष्ट्रीय संकेतप्रणालीत देवनागरीचे स्वर व व्यंजने ही अक्षरे मानली जातात. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार व हलन्त यांची गणना मात्र अक्षरांना जोडून येणाऱ्या चिन्हांच्या वर्गात होते. त्यामुळे ‘राम’ हे नाव त्यातील कान्यामुळे अडते आणि ‘कृष्ण’ हे नाव ऋकारामुळे व जोडाक्षरातील हलन्तामुळे अडते. नियमात या चिन्हांच्या वर्गाचा स्पष्ट उल्लेख केल्याशिवाय आपली नावे त्या वहीत शिरू शकत नाहीत. ही उणीव मराठी, हिंदी, नेपाळी किंवा कोकणी लिहिणाऱ्या योगदानकर्त्याच्याच सहज ध्यानात येईल. म्हणून आपल्या विद्यार्थ्यांचा अशा कामातील सहभाग केवळ त्यांच्या शिक्षणापुरता मर्यादित नाही. त्याचा लाभ इतरांनाही होतो.

नावाविषयी आणखी एक मुद्दा आहे. या वहीत एकाच नावाच्या दोन व्यक्तींची नोंद होत नाही; दुसरी नोंद पहिलीची पुनरावृत्ती समजली जाते. आपल्या गावात एकाच नावाआडनावाची दोन माणसे असणे नित्याचे आहे. वडिलांचे नाव मध्ये लिहिण्याच्या आपल्या पद्धतीने हा प्रश्न काही अंशी सुटतो, पूर्णपणे नाही. तेव्हा व्यक्तीची ओळख नावावरून ठरवावी, दूरध्वनी क्रमांकावरून ठरवावी की स्वतंत्र अनुक्रमांक द्यावा, याचा विचार संघाला करावा लागतो. काही घरांत सर्वांसाठी एकच दूरध्वनी असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे कोणताही पर्याय निर्दोष नाही, हे दिसून येते.

जुन्या नोंदींचे संरक्षण

योगदान करणाऱ्याने सर्वाधिक सावध राहावे असे स्थळ म्हणजे साठवलेली माहिती होय. या संपर्कवहीतील माहिती एका मजकूर-फाइलमध्ये असते. आज्ञावली सुरू होताना ती फाइल वाचते. फाइलमधील एकही नोंद नियमात बसली नाही, तर आज्ञावली सर्वच नोंदी बाजूला सारून रिकाम्या वहीने प्रारंभ करते. त्यानंतर कोणतीही आज्ञा यशस्वीपणे पार पडली की वही आपोआप जतन होते. म्हणजेच रिकामी वही जुन्या फाइलवर लिहिली जाते.

याचा परिणाम पाहावा. एखाद्या विद्यार्थ्याने सद्हेतूने ‘दूरध्वनी क्रमांक दहा अंकीच असावा’ असा कडक नियम केला. मूळ नियम किमान तीन अंकांचा आहे. कोणाच्या तरी वहीत रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांक आधीच नोंदलेला आहे. नवी आवृत्ती सुरू करताच ती एक नोंद अवैध ठरते आणि तिच्यासोबत उरलेल्या शेकडो नोंदीही जातात. नियम पुढील नोंदींसाठी केला. नुकसान मात्र मागील नोंदींचे झाले. यास्तव नियम कडक करणाऱ्या प्रत्येक बदलासोबत जुन्या फाइलवरची चाचणी हवी, आणि वापरणाऱ्याने नवी आवृत्ती घेण्यापूर्वी फाइलची प्रत काढून ठेवावी.

खासगी माहितीची जबाबदारी

संपर्कवहीत माणसांची खासगी माहिती असते. सिंगापूरने व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०१२ मध्ये केला. भारताच्या संसदेने अंकीय व्यक्तिगत माहिती संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत केला. विद्यार्थ्यांनी एक पथ्य कटाक्षाने पाळावे: चाचणीसाठी खऱ्या माणसांची नावे व क्रमांक वापरू नयेत. गिटच्या भांडारात एकदा गेलेली माहिती पुढे पुसली, तरी पूर्वीच्या नोंदींत शिल्लक राहते. भांडार सार्वजनिक असल्यास कोणालाही ती पाहता येते. वर्गातील मुलांची यादी ‘केवळ चाचणीसाठी’ म्हणून वापरणे हा या दृष्टीने गंभीर प्रमाद ठरतो.

श्रेय देण्याचे पथ्यही तितकेच महत्त्वाचे आहे. ही मूळ आज्ञावली मुक्त परवान्याखाली दिलेली आहे. ती कोणीही घ्यावी, बदलावी व वाटावी, मात्र परवान्याचा व मूळ कर्त्यांच्या हक्काचा मजकूर काढून टाकू नये, अशी अट आहे. सिंगापूरच्या त्या अभ्यासक्रमात दुसरीकडून घेतलेल्या भागाचा उल्लेख करणे विद्यार्थ्यांना बंधनकारक असते.

आपल्याकडे काय करता येईल

भारत सरकारने शासकीय कामात मुक्त आज्ञावलींना प्राधान्य देण्याचे धोरण २०१५ मध्ये जाहीर केले. केरळ राज्याने शालेय शिक्षणात मुक्त आज्ञावलींचा मोठ्या प्रमाणावर अवलंब केला आहे. आपल्याकडील माध्यमिक शाळा, अध्यापक विद्यालये व महाविद्यालये यांनाही लहान प्रमाणावर असा प्रारंभ करता येईल.

त्यासाठी प्रत्येकाला आज्ञावली लिहिता आलीच पाहिजे, असे नाही. शिक्षकांनी मुलांकडून एखादी मुक्त आज्ञावली वापरून घ्यावी आणि सापडलेल्या अडचणींची तीन-मुद्द्यांची नोंद लिहून घ्यावी. भाषेच्या शिक्षकांनी मार्गदर्शिकेचे मराठी रूप तयार करण्यास साह्य करावे. पंचायत सदस्यांनी व ग्रामसेवकांनी आपल्या नित्याच्या अडचणी मोकळेपणाने सांगाव्यात: सभा तहकूब झाल्यास नवी तारीख कोठे लिहावी, मयत व्यक्तीचे नाव पुढच्या सूचनांतून वगळावे, पण जुन्या इतिवृत्तातून वगळू नये, हे आज्ञावलीला कसे कळावे. असे प्रश्न पुस्तकात आढळत नाहीत. ते ज्यांच्या कामात रोज उद्भवतात, त्यांनीच ते मांडावयाचे असतात.

विद्यार्थ्यांनी आपली आज्ञावली पूर्ण झाली असे जाहीर करण्यापूर्वी ती दुसऱ्या संघाच्या हाती देऊन तिच्यातील दोष शोधून घ्यावेत. सिंगापूरच्या अभ्यासक्रमात ही रीत आहे. विद्यार्थी दुसऱ्या संघाच्या आज्ञावलीची परीक्षा घेतात आणि सापडलेल्या दोषांची गंभीरता ठरवितात. आपल्या कामातील दोष दुसऱ्याने दाखविला असता त्याचा राग न मानता आभार मानण्याची वृत्ती यातून तयार होते. सार्वजनिक कामाला या वृत्तीची गरज संगणकाच्याही आधीपासून आहे.

सारांश, सामाईक आज्ञावलीतील योगदान म्हणजे आधीच्यांचे काम समजून घेणे, आपला बदल लहान व स्पष्ट ठेवणे, तो स्वतः तपासून इतरांकडून तपासून घेणे आणि जुन्या नोंदींना धक्का न लावणे. हे साधले, म्हणजे ३१ एप्रिलच्या सभेची सूचना कोणाच्या घरी जाणार नाही, आणि जिचे नाव देवनागरीत आहे ती व्यक्तीही त्या वहीत आपल्या खऱ्या नावाने नोंदली जाईल.